मॅमोग्राफी मशीन आणता येईल, पण फोटो वाचणार कोण? जालन्यातून ब्रेस्ट रेडिओलॉजिस्ट व्हायला ११ वर्षं का लागतात?

९ ऑक्टोबर २०२४. पंतप्रधान नरेंद्र मोदींनी ऑनलाईन कार्यक्रमातून महाराष्ट्रातल्या १० नव्या सरकारी मेडिकल कॉलेजांचं उद्घाटन केलं. त्या यादीत जालना होतं. १०० जागा. जालना जिल्हा १ मे १९८१ ला औरंगाबादपासून वेगळा झाला, म्हणजे जिल्हा झाल्यावर सरकारी मेडिकल कॉलेज यायला ४३ वर्षं गेली. बदनापूर तालुक्यात वरुडीला खासगी मेडिकल कॉलेज आधीपासून आहे, पण सरकारी फीमध्ये डॉक्टर होण्याची सोय जिल्ह्यात पहिल्यांदाच झाली.

आता समजा, त्या पहिल्या बॅचमध्ये मंठा तालुक्यातली एक मुलगी आहे. घरात आत्याला किंवा मावशीला स्तनाचा कॅन्सर झालेला तिनं पाहिलाय. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्या वाऱ्या पाहिल्यात. आणि तिनं ठरवलंय की आपण असा डॉक्टर व्हायचं, जो हा आजार लवकर पकडतो.

एमबीबीएस साडेचार वर्षं, एक वर्ष इंटर्नशिप. २०३० साल उजाडलं. नीट पीजी देऊन एमडी रेडिओलॉजी, तीन वर्षं. २०३३ संपलं. सरकारी कॉलेजातून शिकलं की बंधपत्राची सेवा. २०३४ गेलं. मग फक्त स्तनांच्या तपासणीचं खास प्रशिक्षण, म्हणजे फेलोशिप, एक ते दोन वर्षं. सगळं पहिल्या झटक्यात जमलं तरी ती कामाला बसेल ते २०३५-३६ मध्ये.

दुसरीकडे, फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात घोषणा झाली की तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरची डे-केअर सेंटर्स उभारणार. पहिल्याच वर्षी २००. त्याच वर्षी राज्य मंत्रिमंडळानं कॅन्सर उपचारांचं त्रिस्तरीय धोरण मंजूर केलं आणि त्यासाठी 'महाकेअर' नावाची संस्था काढायचं ठरवलं. पैसे आहेत, इमारती होतील, यंत्रांची टेंडरं निघतील. मॅमोग्राफीचं यंत्र काही महिन्यांत येऊन बसू शकतं.

ते वाचणारं माणूस तयार व्हायला ११ वर्षं लागतात. हा सगळा लेख त्या फरकाबद्दल आहे.

हे डॉक्टर नेमकं करतात काय?

बहुतेकांना वाटतं, रेडिओलॉजिस्ट म्हणजे अंधाऱ्या खोलीत बसून रिपोर्ट लिहिणारे डॉक्टर. पोटाची सोनोग्राफी करणारे. पेशंटशी फारसं बोलणं नाही, ओळख नाही.

ब्रेस्ट रेडिओलॉजिस्टचं काम यापेक्षा बरंच वेगळं आहे. मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे. प्रत्येक बाजूचे दोन असे साधारण चार फोटो निघतात. त्यासाठी स्तन दोन पट्ट्यांमध्ये दाबून धरावा लागतो. थोडं दुखतं, पण काही सेकंदच. या फोटोत डॉक्टर शोधत असतात काट्यासारख्या कडा असलेली गाठ, मिठाच्या कणासारखे चुन्याचे बारीक ठिपके, किंवा नुसती आतल्या जाळीची ओढाताण. शेवटचा प्रकार सगळ्यात फसवा. गाठ दिसतच नाही, फक्त आजूबाजूचं काहीतरी ओढल्यासारखं वाटतं.

अडचण कुठे येते, तर तरुण बायकांमध्ये. त्यांच्या स्तनात चरबी कमी आणि ग्रंथी जास्त असतात. ग्रंथी एक्स-रेमध्ये पांढऱ्या दिसतात आणि कॅन्सरची गाठही पांढरीच दिसते. जालन्याच्या भाषेत सांगायचं तर कापसाच्या गंजीत खडूचा तुकडा शोधायचा. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत भारतात हा कॅन्सर सरासरी कमी वयात दिसतो, त्यामुळे आपल्याकडे ही अडचण जास्त. म्हणून चाळिशीच्या आतल्या बाईला गाठ लागली, तर सहसा आधी सोनोग्राफी करतात.

ही सोनोग्राफी ब्रेस्ट रेडिओलॉजिस्ट स्वतः करतात. संशय आला तर सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बघत त्या जागी सुई घालून तुकडा काढतात. गाठ हाताला लागत नसेल, नुसते ठिपके असतील, तर सर्जनला नेमकी जागा सापडावी म्हणून ऑपरेशनच्या आधी तिथे तार घालून ठेवतात. केमोथेरपी चालू असताना गाठ कमी होतेय का, हे मोजतात. गरज पडली तर एमआरआय करतात. सर्जन, केमो देणारे डॉक्टर आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून केसवर चर्चा करतात, तेव्हा तिथे बसतात. आणि पुष्कळदा "मॅडम, काही वाईट तर नाही ना?" हा प्रश्न सगळ्यात आधी त्यांनाच ऐकावा लागतो.

एक रस्ता बरोबर, एक रस्ता चुकीचा

समजा, भोकरदन तालुक्यातल्या एका गावात ४४ वर्षांची एक बाई आहे. अंघोळ करताना काखेच्या जवळ गाठ लागली. दुखत नाही. कापूस वेचणीचे दिवस, त्यामुळे दोन महिने कोणाला सांगितलंच नाही. मग जावेला सांगितलं. जावेनं आशाताईंना.

इथून दोन रस्ते फुटतात.

पहिला रस्ता: तालुक्याच्या ठिकाणी कोणीतरी म्हणतं, "छोटीशी गाठ आहे, भूल देऊन काढून टाकू." गाठ निघते, कधी तपासायला जाते, कधी जातच नाही. महिन्यानं कळतं की कॅन्सर होता. आता पुढच्या डॉक्टरपुढे पेच पडतो. गाठ किती मोठी होती, सगळी निघाली का, कडा मोकळ्या होत्या का, काहीच नीट माहीत नसतं. पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. आधी केमो देऊन गाठ लहान करून स्तन वाचवता आला असता, ती संधी हातची गेलेली असते. हे आजही होतं, आणि शिकलेल्या घरांतही होतं.

दुसरा रस्ता: आधी हातानं तपासणी, मग मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी, मग सुईनं तुकडा. या तिन्हींचा निष्कर्ष जुळतो का ते बघायचं आणि मगच चाकू. तुकड्यावरून नुसतं कॅन्सर आहे की नाही एवढंच कळत नाही, तर तो कोणत्या प्रकारचा, हार्मोनच्या गोळ्यांना दाद देणारा का, हर्टू नावाचं प्रथिन आहे का, हेही कळतं. उपचार त्यावर ठरतात. "सुई घातली की कॅन्सर पसरतो" हे गावोगावी ऐकू येणारं वाक्य आहे. ते चुकीचं आहे. सुईला घाबरून थेट गाठ कापून घेणं हा जास्त मोठा धोका.

या दुसऱ्या रस्त्यावर मधली दोन पावलं ब्रेस्ट रेडिओलॉजिस्टची आहेत. तो माणूस जवळपास नसेल, तर पहिला रस्ता सोपा आणि स्वस्त वाटायला लागतो.

जालन्यापासून साधारण ६० किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरला, शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. २०१२ मध्ये सुरू झालं, पुढे त्याला राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा मिळाला. मराठवाड्यासाठी हा फार मोठा आधार आहे. त्याआधी देवगिरी एक्सप्रेसनं रात्रभर प्रवास करून मुंबई गाठायची आणि परळच्या फूटपाथवर मुक्काम, असं अनेकांच्या नशिबी होतं. पण ६० किलोमीटर हे जालना शहरापासून. मंठ्याहून किंवा परतूरहून अंतर त्याच्या दुप्पट होतं. आणि तपासणीला एक खेप पुरत नाही. एकदा फोटो, एकदा तुकडा, एकदा रिपोर्ट. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईचे तीन दिवस, सोबत येणाऱ्याचे तीन दिवस, आणि एसटीचं भाडं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचारांसाठी ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ती योजना मुळात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. आजार ठरण्याआधीच्या या खेपांचा भार घरावरच पडतो.

११ वर्षांत शिकतात काय?

एमडी रेडिओलॉजी ही आज पीजीतली सगळ्यात मागणी असलेली जागा. नीट पीजीत वरच्या क्रमांकावर येणारी मुलं गेली कित्येक वर्षं रेडिओलॉजी उचलतात. खासगी कॉलेजात तीन वर्षांची फी कोटीच्या घरात जाते. एमडीऐवजी डीएनबी किंवा दोन वर्षांचा डिप्लोमा, डीएमआरडी, हेही रस्ते आहेत.

पण एमडीच्या तीन वर्षांत मेंदू, छाती, पोट, सांधे, गरोदरपण, रक्तवाहिन्या, सगळंच शिकायचं असतं. त्यात स्तनांच्या तपासणीची पाळी येते ती थोड्या आठवड्यांची. कॉलेजात मॅमोग्राफीचे पेशंट कमी असतील, तर तेवढीही नीट होत नाही. म्हणून पुढे टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या कॅन्सर केंद्रात राहून वेगळं शिकावं लागतं.

आणि इथेच गळती होते. एमडी झालेल्या डॉक्टरपुढे दोन पर्याय असतात. एक, लगेच सीटीस्कॅन, एमआरआय आणि सोनोग्राफीचं सेंटर टाकणं किंवा तिथे रुजू होणं. दोन, अजून वर्ष-दोन वर्षं कमी पगारात शिकणं, आणि मग असं काम करणं ज्यात एकेका पेशंटला वेळ द्यावा लागतो, तासाला कमाई कमी होते आणि एक कॅन्सर नजरेतून सुटला तर कोर्टाची भीती. कर्ज काढून शिकलेल्या पोरानं पहिला पर्याय निवडला तर त्याला दोष देता येत नाही.

प्रशिक्षणाची लांबी समजून घ्यायला बाहेरच्या देशांचे नियम बघा. अमेरिकेत १९९२ मध्ये मॅमोग्राफीच्या दर्जासाठी स्वतंत्र कायदा झाला. तिथे मॅमोग्राम वाचायला सुरुवात करण्याआधी वरिष्ठांच्या देखरेखीखाली २४० तपासण्या वाचाव्या लागतात, आणि नंतर दर दोन वर्षांत किमान ९६० वाचल्या तरच काम चालू ठेवता येतं. ब्रिटनमध्ये सरकारी तपासणी कार्यक्रमात वाचणाऱ्यानं वर्षाला ५,००० वाचणं अपेक्षित असतं, आणि प्रत्येक तपासणी दोन जण वेगवेगळी वाचतात.

एवढा हट्ट का? तर तिथल्या तपासणी कार्यक्रमांत हजार निरोगी वाटणाऱ्या बायकांमागे साधारण पाच जणींना कॅन्सर सापडतो. म्हणजे दोनशे वाचल्यावर एक. महिन्याला दहा मॅमोग्राम बघणाऱ्या डॉक्टरला असा कॅन्सर दीड-दोन वर्षांत एकदा दिसणार. डोळा तयार कसा व्हायचा?

भारतात यंत्रासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. किरणोत्सर्गाची सुरक्षा बघितली जाते, ते योग्यच. पण वाचणाऱ्यानं वर्षाला किती मॅमोग्राम वाचलेच पाहिजेत, असा कायदेशीर किमान आकडा आपल्याकडे नाही. माझ्या मते हीच खरी फट आहे. टेंडरमध्ये यंत्राची पानभर वैशिष्ट्यं लिहिलेली असतात, वाचणाऱ्याबद्दल एक ओळ असते.

शिवाय फोटो काढणारा टेक्निशियनही तितकाच महत्त्वाचा. स्तन नीट आत घेतला नाही, काखेकडचा भाग सुटला, तर जगातला सगळ्यात हुशार डॉक्टरसुद्धा तिथला कॅन्सर बघू शकत नाही. आणि जिल्ह्याच्या ठिकाणी हे काम करणारी व्यक्ती बाई नसेल, तर अर्ध्या पेशंट दारातूनच परत जातील, हे सांगायला कुठल्या सर्वेक्षणाची गरज नाही.

मग जालन्यात सगळ्या बायकांची मॅमोग्राफी करायची का?

इथे जरा हिशोब करू.

२०११ च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार होती. त्यात बायका साडेनऊ लाखांच्या आसपास. आज दहा लाख धरू. चाळिशीच्या पुढच्या साधारण एक चतुर्थांश, म्हणजे अडीच लाख. प्रत्येकीची दोन वर्षांतून एकदा मॅमोग्राफी करायची म्हटलं तर वर्षाला सव्वा लाख. कामाचे ३०० दिवस धरले तर दिवसाला चारशेच्या वर. ब्रिटनच्या हिशोबानं एकानं ५,००० वाचायच्या म्हटलं तर एकट्या जालना जिल्ह्याला २५ प्रशिक्षित डॉक्टर लागतील. आणि दोघांनी वाचायचं म्हटलं तर ५०.

हे होणार नाही. सरकारनं मनापासून ठरवलं तरी होणार नाही.

आता उलट बाजूनं बघा. जागतिक अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात स्तनाच्या कॅन्सरचे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण होते आणि ९८ हजार मृत्यू. तेच प्रमाण जालन्याच्या दहा लाख बायकांना लावलं तर वर्षाला पावणेतीनशेच्या आसपास रुग्ण येतात. प्रत्यक्षात आकडा याहून कमी असावा, कारण ग्रामीण भागात या कॅन्सरचं प्रमाण मुंबई-पुण्यापेक्षा कमी आहे. हे आपल्याला कळलं सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीमुळे. १९८७ मध्ये तिथे ग्रामीण भागाची कॅन्सर नोंदणी सुरू झाली, गावोगावी फिरून.

एका कॅन्सरमागे कॅन्सर नसलेल्या कितीतरी गाठी असतात. दुधाच्या गाठी, पाण्याच्या गाठी, तरुण मुलींमधल्या हलणाऱ्या गाठी, कधी टीबीसुद्धा. त्या सगळ्या धरल्या तरी वर्षाला काही हजार बायका होतील. एवढं काम एक किंवा दोन नीट शिकलेले डॉक्टर सांभाळू शकतात.

म्हणजे प्रश्न पन्नास डॉक्टरांचा नाही. एक-दोघांचा आहे.

बरं, या बायका त्या डॉक्टरपर्यंत पोचणार कशा? याचं उत्तर महाराष्ट्रातच सापडलंय. १९९८ मध्ये टाटा मेमोरियलनं मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये एक चाचणी सुरू केली. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर बायका. अर्ध्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षण दिलेल्या महिला आरोग्य कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी हातानं स्तनांची तपासणी करायच्या. मॅमोग्राफी नाही, फक्त हात. डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापले. पन्नाशी आणि त्यापुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले होते. पन्नाशीच्या आत असा फायदा दिसला नाही, हेही त्याच शोधनिबंधात आहे आणि ते लपवायचं कारण नाही.

पण या बातमीतली एक गोष्ट बहुतेक ठिकाणी सुटली. हाताला काही लागलं की त्या बायकांना पुढच्या तपासणीसाठी टाटा हॉस्पिटलला पाठवलं जायचं. तिथे मॅमोग्राफी, सोनोग्राफी, बायोप्सी व्हायची. हात स्वस्त होता, पण त्या हाताच्या मागे देशातलं सगळ्यात मोठं कॅन्सर केंद्र उभं होतं. भोकरदनच्या आशाताईंनी किंवा नर्सताईंनी गाठ शोधली तर त्यांच्या मागे कोण आहे?

सरकारी कार्यक्रमात आजही तिशीच्या पुढच्या बायकांची हातानं तपासणी करायची असं लिहिलेलं आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं, कधी स्तनांची तपासणी झाली का? देशभरात हो म्हणणाऱ्या होत्या ०.९ टक्के. शंभरात एकही पूर्ण नाही.

सोनोग्राफी मशीन गावात का नेता येत नाही?

हा प्रश्न अनेकांना पडतो. आता खिशात मावणाऱ्या सोनोग्राफी मशीन मिळतात. मोबाईलला जोडायची आणि गावात जाऊन गाठ बघायची. सोपं वाटतं.

कायदा आडवा येतो, आणि त्याला कारण आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा पीसीपीएनडीटी कायदा १९९४ चा. सोनोग्राफी मशीन कशासाठीही वापरा, त्याची नोंदणी लागते. २०१२ मध्ये नियम आणखी कडक झाले. ने-आण करता येणाऱ्या मशीनवर बंधनं आली आणि एका डॉक्टरला एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोनच केंद्रांवर सोनोग्राफीची परवानगी राहिली. २०११ च्या जनगणनेत शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. तो आकडा आठवला की या नियमांना कोणी नावं ठेवणार नाही.

पण परिणाम असा की मुलींना वाचवण्यासाठी केलेल्या कायद्यामुळे त्यांच्या आयांच्या गाठीची तपासणी गावापासून लांब राहिली. आठ तालुक्यांत आठवड्यातून एकेक दिवस फिरणारा सोनोग्राफीचा डॉक्टर, ही कल्पना कागदावर छान दिसते. नियमांत बसत नाही. त्यामुळे तपासणीची जागा ठरलेली हवी आणि तिथे माणूस रोज हवा.

मॅमोग्राफीचं तसं नाही. तो एक्स-रे असल्यानं फाईल दुसरीकडे पाठवता येते. जालन्यात फोटो काढून संभाजीनगरला किंवा मुंबईला बसलेल्या तज्ज्ञानं वाचला तर चालतं. फक्त तो खास ५ मेगापिक्सेलच्या स्क्रीनवर वाचावा लागतो. फिल्मचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर "सर, जरा बघा ना" म्हणून पाठवणं, हे टेलिरेडिओलॉजी नव्हे. त्यात ते मिठाएवढे ठिपके दिसतच नाहीत.

आणि एआय?

येणारच होता हा प्रश्न. स्वीडनमध्ये ८० हजारांवर बायकांवर एक मोठी चाचणी झाली, २०२३ मध्ये तिचे पहिले निष्कर्ष आले. एआयची मदत घेतली तर डॉक्टरांचं वाचनाचं काम ४४ टक्क्यांनी कमी झालं आणि कॅन्सर सापडण्याचं प्रमाण घटलं नाही. ही खरोखर मोठी गोष्ट आहे.

पण नीट बघा, काम कमी झालं ते कुठलं? तिथे प्रत्येक मॅमोग्राम दोन डॉक्टर वाचतात. एआयनं धोका कमी दाखवला तिथे एकाच डॉक्टरनं वाचलं. आपल्याकडे पहिल्याच डॉक्टरची वानवा आहे. एआय सुई घालत नाही, सोनोग्राफीचा प्रोब धरत नाही, आणि रडणाऱ्या बाईशी बोलत नाही. जालन्यात डॉक्टर असेल तर एआय त्याला दुप्पट काम करायला मदत करेल. डॉक्टरच नसेल तर एआयनं दाखवलेल्या लाल गोलाचं पुढे करायचं काय?

थर्मल कॅमेऱ्यानं स्तनांची तपासणी करणारी शिबिरंही हल्ली भरतात. 'दाबणं नाही, दुखणं नाही' अशी जाहिरात असते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलंय की ही तपासणी मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाही. शिबिरात 'नॉर्मल' आलं म्हणून हाताला लागणारी गाठ अंगावर काढू नका.

रिपोर्ट हातात आला तर

हा भाग व्हॉट्सॲप ग्रुपवर नक्की पाठवा, कारण यावरून घराघरांत रडारड होते.

मॅमोग्राफीच्या रिपोर्टच्या शेवटी 'बायरॅड्स' आणि पुढे एक आकडा असतो. ही अमेरिकेतल्या रेडिओलॉजी संघटनेनं १९९३ मध्ये आणलेली पद्धत, आता जगभर वापरतात. बायरॅड्स ४ म्हणजे कॅन्सरची चौथी स्टेज नव्हे. त्याचा अर्थ एवढाच की संशय आहे, तुकडा काढून तपासा. ४ मध्ये कॅन्सर निघण्याची शक्यता २ टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंत कितीही असू शकते, म्हणून पुढे ए, बी, सी लावतात. ४-ए असलेल्या बहुतेक बायकांना कॅन्सर निघत नाही. ५ म्हणजे शक्यता ९५ टक्के किंवा जास्त. ३ म्हणजे बहुधा साधं, सहा महिन्यांनी परत दाखवा, आणि तो सहावा महिना विसरू नका. १ आणि २ चांगले.

आणि सगळ्यात जास्त गैरसमज होतो तो शून्याचा. शून्य म्हणजे काही नाही, असं वाटून लोक रिपोर्ट कपाटात ठेवतात. बायरॅड्स शून्य म्हणजे माहिती अपुरी आहे, आणखी फोटो किंवा सोनोग्राफी करून घ्या.

२०३५ पर्यंत थांबायचं?

मंठ्याच्या आपल्या त्या मुलीला अजून दहा वर्षं आहेत. मधल्या काळासाठी एक सोय कागदावर आधीच आहे. एमडी, एमएस करणाऱ्या प्रत्येक निवासी डॉक्टरला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावं लागतं. २०२१ च्या बॅचपासून हे सक्तीचं आहे. रेडिओलॉजीचे निवासी डॉक्टर त्या तीन महिन्यांत जिल्ह्यात बसतात. त्यांच्या पाळ्या एकापाठोपाठ लावल्या, ठरलेल्या दिवशी फक्त स्तनांच्या गाठींची ओपीडी ठेवली, सोनोग्राफी आणि सुईची तपासणी त्याच दिवशी केली, आणि मॅमोग्राम वाचायला संभाजीनगरच्या कर्करोग रुग्णालयाशी जोडून घेतलं, तर नवं पद मंजूर व्हायची वाट न बघता काम सुरू होऊ शकतं. अर्थात, शिकाऊ डॉक्टरच्या मागे वरिष्ठ असायला हवा, नाहीतर तोही नुसता रिपोर्टवर सही करणारा हात होईल.

डे-केअर सेंटर आलं तर केमोथेरपीच्या खेपा वाचतील, ते हवंच आहे. पण डे-केअर सेंटरमध्ये येते ती जिचा कॅन्सर आधीच ठरलेला आहे ती बाई. भोकरदनच्या बाईची काखेजवळची गाठ काय आहे, हे त्याच्या आधी कोणीतरी सांगायचं असतं. तुमच्या जिल्ह्यात नवं मॅमोग्राफी यंत्र आल्याची बातमी आली, फीत कापतानाचे फोटो आले, की खाली कमेंटमध्ये तीन गोष्टी विचारा: फोटो काढणारी ताई नेमली का, वाचणार कोण आहे, आणि संशय आला तर बायोप्सी इथेच होणार की पुन्हा एसटी पकडायची?